उपवास करणे सोपे, सोडणे अवघड : महात्मा गांधींच्या जीवनातून वसंतातील शुद्धीचा धडा

होळी झाली की हवा बदलते. सकाळी अजून थोडा गारवा असतो, पण दुपारचे ऊन टोचू लागते. या दिवसांत कोणाला सर्दी-खोकला धरतो, कोणाची भूक मंदावते, कोणाला अंग जड झाल्यासारखे वाटते. आपण म्हणतो, हवामान बदलले म्हणून झाले असेल. आपल्या पूर्वजांनी मात्र या बदलाचा बारकाईने विचार केला होता.

वाग्भटांच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा एक स्वतंत्र अध्याय आहे. थंडीत शरीरात साठलेला कफ वसंतातील सूर्याच्या उष्णतेने पातळ होतो आणि जठराग्नी मंद करतो, असे त्यात सांगितले आहे. म्हणून वसंतात हलके अन्न घ्यावे, जुने धान्य, जव व मध यांचा वापर करावा, व्यायाम करावा, जड व तेलकट-तुपकट टाळावे आणि दिवसा झोपू नये. ग्रीष्म आला की हा क्रम बदलतो. तेव्हा मधुर, हलका, थंड व पातळ आहार घ्यायचा. तिखट, आंबट, खारट आणि अतिश्रम कमी करायचे. या दोन ऋतूंमध्ये एक सांधा असतो. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस, असा चौदा दिवसांचा हा ऋतुसंधी. या काळात जुनी सवय हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, एकदम बदल केला तर तोच रोगाचे कारण होतो, असा शास्त्राचा इशारा आहे.

पाडव्याच्या दिवशी आपण कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, जिरे, ओवा, हिंग एकत्र वाटून खातो. चैत्र नवरात्रात देशभर लाखो लोक उपवास करतात. आपण नागपुरात राहत असा, इंदूरला, बडोद्याला किंवा बंगळुरूला, या परंपरेचा काही ना काही भाग आपल्या घरात आहेच. पण एक प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा. नऊ दिवस उपवास करायचा आणि दहाव्या दिवशी श्रीखंड-पुरीवर तुटून पडायचे, किंवा उपवासाच्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि दाण्याचे लाडू पोटभर खायचे, याला शुद्धी म्हणता येईल का?

या प्रश्नाचे उत्तर एका अशा माणसाच्या जीवनात सापडते, ज्याने आयुष्यभर स्वतःच्या शरीरावर आणि जिभेवर प्रयोग केले, चुका केल्या, त्या जगासमोर उघड मांडल्या आणि त्यांतून शिकत गेला. आपण महात्मा गांधींना स्वातंत्र्यलढ्याचे नेते म्हणून ओळखतो. आज त्यांच्याकडे उपवासाचे एक विद्यार्थी म्हणून पाहू या.

आईचे व्रत आणि ढगांआडचा सूर्य

मोहनदासांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. त्यांच्या आई पुतळीबाई अत्यंत श्रद्धाळू होत्या. एकादशी, चातुर्मास, चांद्रायण अशी कठीण व्रते त्या करत. लागोपाठ दोन-तीन उपवास त्यांना जड जात नसत आणि आजारपणाचे निमित्त सांगून त्यांनी घेतलेले व्रत कधी मोडले नाही. एका चातुर्मासात त्यांनी सूर्यदर्शन झाल्याशिवाय जेवायचे नाही असा नेम धरला. पावसाळ्याचे दिवस, आकाश ढगांनी भरलेले. मुले अंगणात उभी राहून आकाशाकडे टक लावून बघत. सूर्य क्षणभर दिसला की धावत जाऊन आईला सांगत. आई बाहेर येईपर्यंत तो पुन्हा ढगाआड गेलेला असे. तेव्हा त्या हसतमुखाने म्हणत की आज देवाच्या मनात आपण जेवावे असे नाही, आणि पुन्हा कामाला लागत.

या प्रसंगात उपवासापेक्षा त्या हसतमुखाने परत जाण्याकडे आपण लक्ष द्यावे. जेवण चुकले म्हणून चिडचिड नाही, मुलांवर राग नाही, उपवासाचा गाजावाजाही नाही. लहानपणी मोहनदास आईचे पाहून एकादशी करत, पण उपवासाचा अर्थ त्यांना तेव्हा कळला नव्हता, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. आईवडिलांना बरे वाटावे म्हणून ते उपवास करत. आपल्यापैकी अनेकांचा उपवासही असाच सुरू झालेला असतो. त्यात गैर काही नाही. फक्त तिथेच थांबू नये.

चव जिभेवर नसते

१८८८ मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी आईसमोर घेतली होती. सुरुवातीचे काही महिने अर्धपोटी गेले. मग एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि तिथेच शाकाहारावरचे हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक मिळाले. आईसाठी पाळलेले वचन त्या दिवसापासून त्यांचा स्वतःचा विचार झाला.

त्यानंतर त्यांनी आहाराचे प्रयोग सुरू केले. घरून मागवलेली मिठाई व मसाले बंद केले. आधी मसाल्याशिवाय बेचव लागलेली उकडलेली पालक काही काळाने त्यांना रुचकर वाटू लागली. यावरून त्यांच्या लक्षात आले की चवीचे खरे ठिकाण जीभ नाही, मन आहे. वसंतात हलका आहार सुरू करताना पहिले तीन-चार दिवस आपल्याला सगळे अळणी लागते, तेव्हा हा अनुभव आठवावा. जीभ लवकर शिकते, मनाला थोडा वेळ द्यावा लागतो.

पाणी, माती आणि एक वेळचे जेवण कमी

दक्षिण आफ्रिकेत वकिली जोरात चालू असताना त्यांना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीचा त्रास सुरू झाला. दिवसातून तीन वेळा भरपेट जेवण आणि दुपारचा चहा असा तेव्हाचा क्रम होता. मँचेस्टरमध्ये सकाळची न्याहारी सोडणाऱ्या लोकांचे एक मंडळ निघाल्याचे त्यांनी वाचले आणि आपणही न्याहारी सोडून पाहिली. काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी गेली. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की आपण गरजेपेक्षा जास्त खात होतो.

बद्धकोष्ठ मात्र राहिले. त्यासाठी त्यांनी जर्मन निसर्गोपचारक लुई कुने यांचे कटिस्नान करून पाहिले. त्याने थोडा आराम पडला. मग अॅडॉल्फ जुस्ट यांचे पुस्तक वाचून मातीचा उपचार सुरू केला. स्वच्छ माती थंड पाण्यात भिजवायची, पातळ कापडावर पसरायची आणि रात्री झोपताना ती पट्टी पोटावर बांधायची. एवढ्या साध्या उपायाने त्यांना गुण आला. तेव्हापासून माती, पाणी, सूर्यप्रकाश, हवा आणि मिताहार हे त्यांचे आयुष्यभराचे सोबती झाले.

याच काळातला कस्तुरबांचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. कस्तुरबा आजारी होत्या. मीठ आणि डाळी सोडाव्यात असे गांधीजींनी त्यांना सुचवले. पुष्कळ समजावूनही त्या तयार होईनात. शेवटी त्या बोलून गेल्या की असे तुम्हालाही सांगितले तर तुम्हीही सोडणार नाही. गांधीजींनी त्याच क्षणी एक वर्षासाठी मीठ आणि डाळ सोडल्याचे जाहीर केले. कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी विनवले, तरी घेतलेला शब्द मागे आला नाही. पुढे कस्तुरबांनीही पथ्य पाळले आणि त्यांची प्रकृती सुधारली. घरातल्या कोणाला पथ्य सांगण्याआधी ते स्वतः पाळावे लागते, हा यातला बोध आहे. (मीठ सर्वांनी सोडावे, असा याचा अर्थ नाही. उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्या माणसाला मिठाची गरज असते.)

श्रावण आणि रमजान एकत्र

१९१० मध्ये त्यांचे जर्मन वास्तुविशारद मित्र हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गजवळची सुमारे ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली. हेच टॉलस्टॉय फार्म. इथे गांधीजींनी आत्मसंयमासाठी उपवास सुरू केला. दूध व फळे तर त्यांच्या रोजच्या आहारातलीच होती, म्हणून एकादशीला ते केवळ पाण्यावर राहू लागले.

एका वर्षी श्रावण आणि रमजान एकाच वेळी आले. मुस्लीम मुले रोजे ठेवत होती. तेव्हा हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती मुलांनीही प्रदोषाचे व्रत म्हणून दिवसभर उपवास धरला आणि संध्याकाळी सारे एकत्र जेवू लागले. कोणावर सक्ती नव्हती. एकमेकांची अडचण आणि आवड सांभाळण्याची सवय मुलांना लागली.

पण इथेच त्यांना उपवासाचा धोकाही दिसला. शरीर उपाशी आणि मन मात्र संध्याकाळच्या ताटात, असे झाले तर उपवासाने वासना कमी होण्याऐवजी वाढते. शरीराबरोबर मनाचाही उपवास झाला तरच तो फळतो, हे त्यांनी तेव्हापासून कायम धरून ठेवले.

१९१४ : चौदा दिवसांनंतरची चूक

आता आपण या जीवनातल्या सर्वांत उपयोगी धड्याकडे येतो. फिनिक्स आश्रमातील दोन व्यक्तींच्या नैतिक चुकीचे प्रायश्चित्त म्हणून गांधीजींनी आधी सात दिवसांचा उपवास केला आणि साडेचार महिने एकभुक्त राहण्याचे व्रत घेतले. पुढे आणखी एका प्रसंगी त्यांनी चौदा दिवसांचा उपवास केला. सात दिवसांच्या उपवासात त्यांनी कटिस्नान चालू ठेवले होते आणि तो नीट पार पडला. चौदा दिवसांच्या वेळी हे राहून गेले. पाणी बेचव लागे, मळमळे, म्हणून पाणी फार कमी प्यायले गेले. घसा कोरडा पडला. शेवटच्या दिवसांत आवाज इतका खोल गेला की जेमतेम ऐकू येई.

उपवास संपल्यावर थोड्याच दिवसांत, जुलै १९१४ मध्ये, ते कस्तुरबा आणि कॅलनबाख यांच्यासह बोटीने इंग्लंडला निघाले. अंगात शक्ती लवकर यावी, भूक वाढावी आणि खाल्लेले पचावे म्हणून ते डेकवर फेऱ्या मारू लागले. शरीर त्यासाठी तयार नव्हते. पोटऱ्या दुखू लागल्या. लंडनला पोहोचले तेव्हा प्रकृती दक्षिण आफ्रिकेतल्यापेक्षा वाईट होती. तिथे त्यांना डॉ. जीवराज मेहता भेटले. त्यांनी सगळी हकिगत ऐकून पूर्ण विश्रांती घ्यायला सांगितले.

या अनुभवातून गांधीजींनी एक नियम काढला. लांब उपवास सोडल्यावर गेलेली शक्ती परत मिळवण्याची घाई करू नये आणि भुकेला लगाम घालावा. उपवास करताना जेवढी काळजी लागते, त्याहून अधिक काळजी आणि कदाचित अधिक संयम तो सोडताना लागतो. वाग्भटांनी ऋतुसंधीबद्दल जे सांगितले, तेच गांधीजी स्वतःच्या दुखऱ्या पायांवरून शिकले. जुने हळूहळू सोडावे, नवे हळूहळू धरावे.

कुंभमेळ्यातील पाच पदार्थ

१९१५ मध्ये ते भारतात परतले. जिथे जात तिथे यजमान त्यांच्यासाठी धावपळ करत. ते फळे आणि सुकामेवा खातात हे कळल्यावर कोलकात्यात एका घरी शहरात मिळतील ती सारी फळे आणली गेली आणि घरातल्या स्त्रिया रात्र रात्र जागून सुकामेवा सोलत बसल्या. आपला मिताहार दुसऱ्यांना भार होतो आहे, हे त्यांच्या मनाला लागले.

त्याच वर्षी चैत्र-वैशाखाच्या सुमारास हरिद्वारला कुंभमेळा होता. तिथे त्यांनी व्रत घेतले की भारतात असताना चोवीस तासांत पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचे नाही. पाणी सोडून बाकी सारे मोजायचे, आजारपणातले औषधसुद्धा. हे व्रत त्यांना आरोग्याला हितकर वाटले.

साधकहो, आपल्या उपवासाच्या ताटातले पदार्थ एकदा मोजून पाहा. साबुदाणा, वरी, शेंगदाणे, बटाटा, रताळे, खोबरे, दही, तूप, साखर, खजूर, केळी, दूध... उपवासाला पदार्थांची संख्या वाढत असेल आणि स्वयंपाकघरातल्या माणसाचे कष्टही वाढत असतील, तर आपण नेमके काय सोडले?

एका वाटीने पाडलेला माणूस

१९१८ चे वर्ष. खेडा जिल्ह्यात गांधीजी गावोगावी पायी फिरत होते. आहार मुख्यत्वे भुईमुगाच्या दाण्यांचे लोणी आणि लिंबू. त्यांना थोडा आमांश झाला होता. त्या दिवशी सण होता. दुपारी काही खाणार नाही, असे त्यांनी कस्तुरबांना सांगितले होते. पण कस्तुरबांनी त्यांच्यासाठी तेलात केलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग करून ठेवले होते. गांधीजींना मोह पडला. कस्तुरबांचे मन राखायचे आणि जिभेचेही, असा विचार करून ते जेवायला बसले. थोडेसे चाखण्याऐवजी पोटभर जेवले. तासाभरात आमांशाने उग्र रूप धरले.

तशाच अवस्थेत ते नडियादला गेले. आजार वाढत गेला, ताप चढला. काही दिवसांनी त्यांना अहमदाबादला हलवले. औषध घ्यायला ते तयार नव्हते. आपण आता वाचत नाही असे त्यांना वाटू लागले. आश्रमातले लोक त्यांना गीता वाचून दाखवत. महाराष्ट्रातले केळकर नावाचे एक गृहस्थ आले आणि त्यांनी बर्फाचे उपचार केले. त्याने बरीच उभारी आली. तरी अशक्तपणा जाईना. गांधीजींनी दूध न पिण्याचे व्रत घेतले होते. मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर भरणार नाही असे स्पष्ट सांगितले. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे होते, शेळीच्या दुधाला हरकत नसावी. गांधीजींनी ते मान्य केले. व्रताची अक्षरे पाळली, पण त्याचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी पुढे कायम बाळगली.

ही गोष्ट आपण दोन्ही बाजूंनी समजून घ्यावी. मोठ्या संयमी माणसालाही एक वाटी पाडू शकते. आणि शरीराने मदत मागितली तेव्हा घरच्यांचे व डॉक्टरांचे ऐकल्यामुळे तो माणूस पुढे आणखी तीस वर्षे देशासाठी जगला. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. निसर्गोपचारावर श्रद्धा म्हणजे हट्ट नव्हे.

चैत्रातला राष्ट्रीय उपवास

६ एप्रिल १९१९. चैत्राचा शुक्ल पक्ष, रामनवमी तीन दिवसांवर. रौलट कायद्याच्या विरोधात गांधीजींनी साऱ्या देशाला एक दिवस कामकाज बंद ठेवून उपवास आणि प्रार्थना करण्याची हाक दिली होती. लढ्याची सुरुवात आत्मशुद्धीने व्हावी, हा त्यामागचा विचार. मुंबईत हजारो लोक पहाटे चौपाटीवर जमले, समुद्रात स्नान केले आणि मग मिरवणूक निघाली. उपवास चोवीस तासांपुरता ठेवला होता, म्हणजे सर्व धर्मांच्या लोकांना तो करता यावा.

आठवड्याभरात, १३ एप्रिलला, अमृतसरमध्ये जालियनवाला बागेचे हत्याकांड झाले. पुढे दर वर्षी ६ ते १३ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताह म्हणून पाळला जाऊ लागला. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपवास, मधल्या दिवसांत सूतकताई, खादी आणि सेवा. ज्या ऋतूत शरीर शुद्ध करण्याची परंपरा आहे, त्याच ऋतूत राष्ट्राच्या मनाच्या शुद्धीचे हे पर्व उभे राहिले.

शिकलेला धडा

८ मे १९३३. पुण्यात कडक उन्हाळा. त्रेसष्ट वर्षांच्या गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात दुपारी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. अस्पृश्यता निवारणाचे काम करणाऱ्यांची आणि स्वतःची शुद्धी हा त्याचा हेतू होता. त्याच दिवशी सरकारने त्यांना सोडले आणि पुढचे दिवस त्यांनी लेडी ठाकरसी यांच्या ‘पर्णकुटी’ बंगल्यात काढले. २९ मे रोजी उपवास सुटला. या वेळी शक्ती परत मिळवण्याची घाई नव्हती. काही आठवडे ते तिथेच राहिले. १६ जूनला देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा विवाहही पर्णकुटीतच झाला.

दहा वर्षांनी, १० फेब्रुवारी १९४३ रोजी, पुण्याच्याच आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी पुन्हा एकवीस दिवसांचा उपवास केला. वय ७३. पुन्हा तीच मळमळ, पुन्हा पाणी पोटात ठरेना. प्रकृती अगदी ढासळली. या वेळी त्यांनी हट्ट धरला नाही. पाणी घशाखाली उतरावे म्हणून त्यात थोडा मोसंबीचा रस घेतला आणि प्रकृती सावरली. ३ मार्चला कस्तुरबांनी त्यांच्या हातात पाणी मिसळलेल्या संत्र्याच्या रसाचा पेला दिला. तो त्यांनी घोट घोट करत बराच वेळ घेऊन संपवला. पुढचे काही दिवस केवळ रस, मग शेळीचे दूध आणि फळांचा गर. १९१४ मध्ये डेकवर घाईघाईने फेऱ्या मारणारा माणूस आणि १९४३ मध्ये एक पेला सावकाश पिणारा माणूस, या दोघांमध्ये एकोणतीस वर्षांची साधना उभी आहे.

याच स्थानबद्धतेत, १९४२ मध्ये, त्यांनी आरोग्यावरचे ‘आरोग्याची किल्ली’ हे छोटे पुस्तक लिहिले होते. त्यात पृथ्वी, जल, तेज, वायू यांच्याबरोबर आकाशालाही त्यांनी उपचारात स्थान दिले. जसे घरात मोकळी जागा हवी, तशी पोटातही हवी. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा उपवास करावा. ते जमत नसेल तर एखादे जेवण सोडावे. उपवासाची इतकी सोपी आणि सुंदर व्याख्या दुसरी नसेल : पोटात थोडे आकाश ठेवणे.

उरुळी कांचनचे नऊ दिवस

पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहिले होते आणि गरिबांसाठी तिथे काम उभे करावे असा त्यांचा विचार होता. पण शहरात खेड्यातला गरीब माणूस येऊ शकत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून २२ मार्च १९४६ रोजी ते पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरवरच्या उरुळी कांचनला गेले आणि ३० मार्चपर्यंत राहिले. होळी होऊन गेलेली, पाडवा जवळ आलेला. ऋतुसंधीचेच हे दिवस.

शेकडो ग्रामस्थ रुग्ण म्हणून आले. गांधीजी स्वतः त्यांना तपासत. उपचार काय? रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान, मातीची पट्टी, फळांचा रस, ताक, भरपूर स्वच्छ पाणी. यातली बहुतेक साधने गरिबाच्या दारात होती. पुढे मणिभाई देसाई यांनी आपले आयुष्य या निसर्गोपचार आश्रमाला आणि परिसरातल्या शेतकऱ्यांना वाहिले. तो आश्रम आजही चालू आहे.

सप्टेंबर १९४७ मध्ये कोलकात्यात आणि जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत दंगली शमाव्यात म्हणून त्यांनी शेवटचे उपवास केले. १८ जानेवारीला दिल्लीचा उपवास सुटला आणि ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली. शेवटच्या उपवासानंतर ते बारा दिवस जगले, आणि त्या बारा दिवसांतही त्यांची प्रार्थनासभा चालू राहिली.

आपण या वसंतात काय करावे?

गांधीजींचे लांब उपवास आपल्यासाठी नाहीत. त्यांचे अनुभव मात्र आपलेच आहेत. त्यांतून या ऋतूसाठी काही साध्या गोष्टी घेता येतील.

१. ऋतुसंधीचे चौदा दिवस ठरवा. तळलेले, मिठाई, जड आणि शिळे अन्न एकेक करून कमी करा. एका दिवसात सारे बदलू नका.

२. आठवड्यातून एक दिवस एक जेवण सोडा, किंवा केवळ फळे व ताक घ्या. ताटातल्या पदार्थांची संख्या मोजा; पाचावर थांबता आले तर उत्तम.

३. रात्रीचे जेवण शक्यतो सूर्यास्ताच्या आसपास उरका.

४. पाणी भरपूर प्या. उन्हाळ्याच्या तोंडावर निर्जळी उपवास टाळा.

५. उपवास सोडताना पहिला पदार्थ पातळ आणि थोडा असावा : फळांचा रस, ताक, मुगाचे कढण. पुरणपोळी, श्रीखंड दोन दिवस थांबू शकतात.

६. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, नियमित औषधे घेणारे, गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले, अशक्त वृद्ध आणि उन्हात अंगमेहनतीचे काम करणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. त्यांच्यासाठी वेळेवर घेतलेला साधा, हलका आहार हेच व्रत आहे. वमन, बस्ती यांसारखे शोधन-उपचारही वैद्यांच्या देखरेखीखालीच करावेत.

७. उपवासाच्या दिवशी वाचलेला वेळ आणि वाचलेले अन्न यांचा हिशोब ठेवा. दोन्ही कोणाच्या तरी उपयोगी पडू द्या.

प्रिय साधकहो, चैत्र संपेल, वैशाखाचे ऊन येईल. तेव्हा आपले शरीर हलके असेल तर ते ऊन सोसवेल. आपले मन हलके असेल तर माणसांचा ताप सोसवेल. नवरात्रात किती दिवस उपाशी राहिलो याची मोजदाद आपण सोडून देऊ या. उपवास सुटल्यानंतरच्या दिवशी आपण कसे जेवलो, घरच्यांशी कसे बोललो आणि कोणाच्या कामी आलो, हे पाहू या. पुतळीबाईंसारखे, सूर्य दिसला नाही तरी हसतमुखाने परत आपल्या कामाकडे वळता येणे, इतके साधले तरी या वसंतातली शुद्धी पूर्ण झाली असे समजावे.